राखणीचा कर्ता : सार्वजनिक उद्यानांच्या मराठीविषयी

१

नगरपालिका व महानगरपालिका यांच्या ठरावांत, त्यांच्या कामकाजाचे वृत्त देणाऱ्या पत्रांत आणि शासनाच्या योजनापत्रकांत गेल्या काही दशकांत एक शब्द चांगलाच स्थिरावला आहे. तो शब्द ‘लोकसहभाग’ हा होय. रस्त्याकडेची झाडे, तलावांचा गाळ, शाळांच्या भिंती, स्मशानभूमी आणि विशेषतः सार्वजनिक उद्याने यांच्या संदर्भात हा शब्द इतक्या वेळा येतो की, त्याचा अर्थ निश्चित आहे असे आपण गृहीत धरून चालतो. प्रस्तुत लेखात त्या गृहीताचीच तपासणी करावयाची आहे. उद्यानांची निगा नागरिकांच्या साहाय्याने राखली जावी की नाही, हा येथे वादाचा विषय नाही. ती तशी राखली जावी याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की, या साहाय्याविषयी आपण ज्या मराठीत बोलतो आणि लिहितो, तिच्यात नागरिकाचे स्थान नेमके कोणते आहे?

भाषाभ्यासकाने बागेच्या प्रश्नात का पडावे, अशी शंका येथे उपस्थित होऊ शकेल. तिचे उत्तर असे की, सार्वजनिक जीवनातील अधिकाराची वाटणी आधी शब्दांत होते आणि मग व्यवहारात उतरते. ठराव, करार, सूचनाफलक ही सारी भाषेचीच रूपे आहेत. त्यांच्या वाक्यरचनेत जो कर्ता म्हणून उभा नाही, तो प्रत्यक्षातही कर्ता होण्याची शक्यता थोडीच असते.

२

नमुन्यादाखल अगदी नेहमीच्या घडणीचे एक वाक्य घेऊ : ‘लोकसहभागातून उद्यानाचे सुशोभीकरण करण्यात आले.’ अशी वाक्ये आपण रोज वाचतो. या वाक्यात क्रिया आहे, कर्म आहे, साधनाचा निर्देशही आहे. कर्ता मात्र नाही. ‘करण्यात आले’ ही रचना आपल्या कार्यालयीन मराठीची आवडती रचना आहे, आणि तिचा मुख्य उपयोग कर्त्याचे नाव न घेता क्रिया सांगता येणे हाच आहे. ज्या ठिकाणी कर्ता अज्ञात किंवा गौण असतो तेथे ही रचना सोयीची ठरते. परंतु जेथे ‘लोकांनी केले’ असेच सांगावयाचे आहे, तेथेही ‘लोकांनी केले’ असे न म्हणता ‘लोकसहभागातून करण्यात आले’ असे का म्हणावे? येथे कर्ता अज्ञात नाही. तो वाक्यातून बाजूला काढला गेला आहे.

पाणिनीने कर्त्याची व्याख्या ‘स्वतंत्र’ या एकाच गुणाने केली आहे. क्रियेच्या सिद्धीत जो दुसऱ्यावर अवलंबून नाही, तो कर्ता. करण म्हणजे क्रियेच्या सिद्धीस सर्वांत उपकारक असे साधन; आणि अपादान म्हणजे ज्याच्यापासून काही वेगळे होते तो स्थिर बिंदू. या कसोट्या लावून उद्यानविषयक मराठी तपासली, तर एक चित्र स्पष्ट होते. ‘नागरिकांसाठी उद्यान खुले करण्यात आले’ या वाक्यात नागरिक चतुर्थीच्या अर्थाने, म्हणजे दानाचे स्वीकारक म्हणून येतात. ‘नागरिकांच्या सहकार्याने’ या शब्दप्रयोगात तृतीयेचा प्रत्यय ‘सहकार्य’ या भाववाचक नामाला लागतो आणि नागरिक षष्ठीत, केवळ विशेषणाच्या जागी, राहतात. षष्ठी हे तर कारकही नव्हे. ‘लोकसहभागातून’ या रूपात लोक हे समासाचे पूर्वपद होऊन बसतात आणि प्रत्यय पंचमीचा लागतो. ज्याप्रमाणे विहिरीतून पाणी काढावे त्याप्रमाणे लोकांतून श्रम, रोपे आणि वर्गणी काढली जाते. विभक्तीचे रूप आणि कारकार्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, तृतीया, चतुर्थी, पंचमी, षष्ठी अशा सर्व ठिकाणी नागरिक भेटतो. ज्या ठिकाणी क्रियेचे स्वातंत्र्य असते त्या ठिकाणी मात्र तो भेटत नाही.

फलकांची भाषा पाहिली तर तेथेही हेच. ‘फुले तोडू नयेत’ हा कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद फुलांच्या वचनाप्रमाणे चालते. ‘हिरवळीवर चालू नये’ हा भावे प्रयोग आहे. तेथे क्रियापद कोणाच्याच अधीन नाही. दोन्ही वाक्यांत ज्याने तोडावयाचे नाही किंवा चालावयाचे नाही तो अध्याहृत आहे; आणि ज्याने हा निषेध ठरविला तोही अनुक्त आहे. उद्यानात शिरणारा माणूस अशा रीतीने केवळ निषेधाच्या वाक्याचा अध्याहृत कर्ता ठरतो. होकारार्थी वाक्यात, म्हणजे पाणी घालणे, छाटणे, ठरविणे, खर्च करणे, जाब विचारणे या क्रियापदांबरोबर, त्याची गाठ कधी पडत नाही.

३

ही उणीव मराठीच्या प्रकृतीतच आहे असे मात्र नाही. झाडे राखण्याच्या क्रियेसाठी मराठीपाशी जुना आणि भरपूर शब्दसंग्रह आहे. ‘राखणे’ हे क्रियापद संस्कृत ‘रक्ष्’ धातूपासून आले. त्यापासून राखण, राखणदार, राखीव हे शब्द झाले. आळे करणे, दारे धरणे, वाफे बांधणे, खुरपणी, कुंपण, मळा, आमराई, देवराई हे सर्व शब्द क्रियेचे किंवा क्रियेने निर्माण झालेल्या स्थळाचे आहेत, आणि त्या क्रियेचा कर्ता कोण याविषयी बोलणाऱ्याच्या मनात शंका नसते. देवराईत तर मालकी देवाची मानली जाते आणि राखण गावाची असते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्याने ही गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही महत्त्वाची असल्याचे दाखवून दिले. मालक आणि राखणदार वेगळे असू शकतात, आणि राखणदार मालक नसूनही कर्ता असू शकतो, हे तत्त्व आपल्या परंपरेला परके नव्हते.

याच्या उलट ‘बाग’, ‘बगीचा’ आणि ‘उद्यान’ हे शब्द आपल्याकडे उपभोगाच्या अंगाने आले. बाग आणि बगीचा हे फारसी शब्द. ‘उद्यान’ हा उद् + या, म्हणजे ‘बाहेर जाणे’, यावरून झालेला शब्द; घराबाहेर पडून जेथे मन रमवावयाचे ते स्थान. अहिल्यानगर शहराचा (२०२४ मधील नामांतरापूर्वीचे अहमदनगर) इतिहास या दृष्टीने बोलका आहे. निजामशाहीच्या या राजधानीत हश्त बिहिश्त आणि फराहबाग अशा बागा झाल्या. एकीच्या नावात आठ स्वर्गांचा निर्देश आहे, तर दुसरीच्या नावात आनंदाचा. मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानाच्या देखरेखीखाली १५८३ मध्ये पूर्ण झालेल्या फराहबागेतील महालाची इमारत आजही उभी आहे. बाग मात्र नाही. शहराला आसपासच्या उगमांतून खापरी नळांनी पाणी आणण्याची जी व्यवस्था त्या काळी होती, तिच्यावर अशा बागा जगत. पर्जन्यछायेतील या प्रदेशात पाणी बंद झाले की बाग राहत नाही, हे सांगावयास नको. परंतु त्यातून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या बागेची राखण केवळ राजाज्ञेने होत होती, ती राजाज्ञेबरोबर संपली. दगडी बांधकामाला कर्त्याची रोज आवश्यकता नसते, झाडांना असते.

याच शहराच्या किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत पंडित नेहरू स्थानबद्ध होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ त्यांनी तेथे लिहिला हे सर्वश्रुत आहे. त्याच ग्रंथाच्या आरंभी त्यांनी आपण तुरुंगाच्या आवारातील जमीन खणून फुलांचे वाफे कसे तयार करीत होतो, याचा उल्लेख केला आहे, हे तितकेसे लक्षात घेतले जात नाही. ‘उद्यान’ या शब्दाच्या व्युत्पत्तीच्या विरुद्ध असलेली ही बाग होती. ज्यांना बाहेर जाण्याची मुभा नव्हती त्यांनी ती केली. त्या भूमीवर त्यांची मालकी नव्हती, ती केव्हा सोडावी लागेल हेही त्यांच्या हाती नव्हते. तरीही खणणे आणि लावणे या क्रियांचे ते निःसंशय कर्ते होते. मालकीवाचून कर्तेपण संभवते याचे हे आणखी एक उदाहरण.

४

आता कायद्याच्या भाषेकडे वळू. महाराष्ट्रातील महानगरपालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमात कर्तव्यांची दोन वर्गांत विभागणी केलेली आहे. काही कर्तव्ये पालिकेने पार पाडलीच पाहिजेत. काही तिने आपल्या विवेकानुसार पार पाडावीत. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, दिवाबत्ती ही पहिल्या वर्गात येतात. सार्वजनिक उद्याने व क्रीडांगणे दुसऱ्या वर्गात आहेत. म्हणजे उद्यानाच्या बाबतीत कायद्याचे क्रियापद ‘करील’ असे नाही, ‘करू शकेल’ असे आहे. हा केवळ व्याकरणाचा भेद नव्हे. अर्थसंकल्पात पैसा अपुरा पडला की ज्या क्रियापदाला ‘शकणे’ जोडलेले आहे ते प्रथम गळते. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा नागरी सुविधा म्हणून स्पष्ट निर्देश झाला. परंतु ती सूची ज्या कलमाच्या आधारे उभी आहे, त्याचे क्रियापदही राज्य विधिमंडळ असे अधिकार देऊ शकेल, या स्वरूपाचेच आहे.

दुसरा शब्द ‘आरक्षण’ हा. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्यात एखादी जागा उद्यानासाठी आरक्षित ठेवली जाते. ठरावीक मुदतीत, म्हणजे साधारणतः दहा वर्षांत, ती संपादन करण्यात आली नाही आणि मालकाच्या नोटिशीनंतरही काही हालचाल झाली नाही, तर ते आरक्षण संपुष्टात येते. ‘आरक्षण’ आणि ‘राखण’ हे दोन्ही शब्द एकाच ‘रक्ष्’ धातूचे. परंतु एकाचा अर्थ नकाशावर उरला आणि दुसऱ्याचा शेताच्या बांधावर. आरक्षण कागदावर एका दिवसात होते. राखणीला दिवसाचा अंत नाही. ज्या जागांचे आरक्षण झाले पण राखण कोणाकडे सोपविली गेली नाही, त्या जागांचे काय होते हे कोणत्याही वाढत्या शहरात पाहावयास मिळते : कुंपण पडते, राडारोडा येतो, मग वाहने उभी राहतात, आणि शेवटी ‘येथे बाग होतीच कोठे’ असा प्रश्न विचारला जातो.

हाच भेद ‘लावणे’ आणि ‘जगवणे’ या क्रियापदांत आहे. लावणे ही क्षणात पूर्ण होणारी क्रिया आहे. जगवणे ही चालू राहणारी. राज्य शासनाने २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी वृक्ष लावण्याचे संकल्प जाहीर केले. या सर्व आकड्यांचे क्रियापद ‘लावणे’ हे होते. जी क्रिया क्षणात पूर्ण होते तिची संख्या मोजता येते, तिचा दिवस साजरा करता येतो, तिचे छायाचित्र घेता येते. ‘लोकसहभाग’ही बहुधा याच क्रियेत अपेक्षिला जातो. वर्षातून एका सकाळी लोकांनी यावे, खड्ड्यात रोप ठेवावे, माती लोटावी आणि परत जावे. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचे क्रियापद कोणते, आणि त्याचा कर्ता कोण, हे अनुक्त राहते.

५

लोक खरोखर कर्ते झाले म्हणजे भाषेत काय घडते, हे पाहण्यास याच जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे १९७५ मध्ये परतले आणि पाणलोटाची कामे सुरू झाली. नगर तालुक्यातील हिवरेबाजार येथे १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि त्या गावानेही तोच मार्ग अनुसरला. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री आता महाराष्ट्राला परिचित आहे. हिवरेबाजारने पुढे शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यावर बंधन घातले, उसासारखी अधिक पाणी पिणारी पिके टाळली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकांचा विचार करण्याची पद्धत पाडली.

या पंचसूत्रीतील चार शब्द ‘-बंदी’ या फारसी उत्तरपदाचे आहेत. अर्थाने ते निषेधच आहेत. ‘फुले तोडू नयेत’ या फलकाहून कठोर निषेध आहेत. मग चराईबंदी गावाने पाळली आणि फलकाकडे मात्र कोणी पाहत नाही, असे का व्हावे? दोन्हींतील भेद शब्दार्थाचा नाही, वक्त्याचा आहे. ‘जमावबंदी’ हा शब्दही त्याच घडणीचा आहे, पण ती वरून येते. चराईबंदीचा ठराव ज्या ग्रामसभेने केला, तिच्यात ज्याची शेळी डोंगरावर जात होती तोही बसलेला होता. ज्याला निषेध लागू होतो आणि जो निषेध करतो, ते दोघे तेथे एकच आहेत. शिवाय त्या निषेधाच्या मोबदल्यात गवत कापून नेण्याची सोय आणि विहिरीचे पाणी त्याच लोकांकडे परत आले. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी सामाईक संपत्तीच्या व्यवस्थापनावरील आपल्या १९९० च्या ग्रंथात जगभरच्या दीर्घायुषी व्यवस्थांतून जी तत्त्वे काढली, त्यांत हीच गोष्ट अग्रभागी आहे. नियम ज्यांना लागू, त्यांचा नियम ठरविण्यात वाटा असावा. देखरेख करणारे वापरणाऱ्यांना उत्तरदायी असावेत. आणि शिक्षा क्रमाक्रमाने वाढणारी असावी. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या विचाराला मिळाले, त्याचे प्रात्यक्षिक आपल्या दारात होते.

तथापि या उदाहरणांविषयी भाबडी भक्ती उपयोगाची नाही. राळेगणसिद्धीच्या नशाबंदीत दारुड्यांना खांबाला बांधून मारण्याचे प्रकार झाले, हे जाहीरपणे सांगितले गेले आहे आणि त्यावर रास्त टीकाही झाली आहे. गाव कर्ता झाला म्हणजे गावातील प्रत्येक जण कर्ता झाला असे होत नाही. ‘लोक’ हा शब्द एकसंध नाही. ‘सार्वजनिक’ या शब्दाची कसोटी महाराष्ट्रात एकदा फार स्पष्टपणे लागली आहे. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले, महाडच्या नगरपालिकेने तसा ठरावही केला. परंतु मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्यावर गेले तेव्हा त्या शब्दाचा प्रत्यक्ष अर्थ किती आक्रसलेला होता हे उघड झाले. म्हणून उद्यानाची राखण ‘लोकांकडे’ सोपवावी असे म्हणताना, कोणत्या लोकांकडे, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

६

शहरात या प्रश्नाला जे उत्तर दिले जाते ते ‘दत्तक’ या शब्दाने. उद्यान, चौक, दुभाजक एखाद्या संस्थेला, मंडळाला किंवा कंपनीला ‘दत्तक’ दिला जातो. या शब्दातील जिव्हाळा वरवर मोहक आहे. पण त्याचा कायदेशीर अर्थ काय आहे? १९५६ च्या दत्तकविषयक अधिनियमानुसार दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मघराशी असलेला संबंध तुटतो आणि ते सर्वार्थाने दत्तक घेणाऱ्या घराचे होते. उद्यानाच्या बाबतीत हे रूपक अक्षरशः खरे ठरू लागले तर ते भयावह आहे. उद्यान एका घराचे होईल आणि बाकीच्यांना ते पारखे होईल. मुंबईत हीच भीती प्रकट झाली. मोकळ्या जागा देखभालीसाठी खाजगी संस्थांकडे देण्याचे धोरण बृहन्मुंबई महानगरपालिकेने जानेवारी २०१६ मध्ये मंजूर केले. त्यावर जोरदार टीका झाली आणि मुख्यमंत्र्यांनी ते स्थगित केले. आक्षेप असा होता की, अशा रीतीने दिलेल्या काही भूखंडांवर क्लब आणि इमारती उभ्या राहिल्या आणि सामान्यांचा प्रवेश दुर्घट झाला. दुसऱ्या बाजूने, त्याच मुंबईत ओव्हल मैदानाची दुरवस्था तेथील रहिवाशांनी न्यायालयापर्यंत जाऊन थांबविली, हेही विसरता येत नाही; आणि पुण्याची एम्प्रेस गार्डन एका नागरी संस्थेच्या, १८३० मध्ये स्थापन झालेल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या, देखरेखीखाली दीर्घकाळ टिकून आहे. नागरिकांकडे राखण गेल्याने बाग टिकते असाही अनुभव आहे, आणि हातची जातेही असाही आहे. निर्णायक गोष्ट, माझ्या मते, ही की करारात राखण दिली जाते की मालकी.

म्हणून ‘दत्तक’ या शब्दाऐवजी ‘राखण’ हा शब्द स्वीकारला जावा असे सुचवावेसे वाटते. पिकाची राखण करणाऱ्याला मोबदला मिळतो, अधिकारही मिळतो. पाखरे हाकलण्याचा, जनावर अडविण्याचा, चोराला हटकण्याचा अधिकार त्याचा असतो. परंतु शेत त्याचे होत नाही आणि बांधावरून जाणारी वाट त्याला बंद करता येत नाही. उद्यानासाठी जे करारपत्र होईल त्यात हीच मर्यादा आणि हाच अधिकार स्पष्ट शब्दांत यावा. ‘उद्यानाची राखण अमुक समिती करील’ असे कर्तरी वाक्य त्यात असावे. समितीत त्या उद्यानाचा रोज वापर करणारे, म्हणजे सकाळी फिरावयास येणारे वृद्ध, मुलांना घेऊन येणाऱ्या स्त्रिया, जवळच्या वस्तीतील आणि झोपडपट्टीतील मुले, यांचे प्रतिनिधी असावेत. उद्यानासमोरच्या इमारतींचे मालक तेवढे असू नयेत. कोणती झाडे लावावयाची, वेळा कोणत्या ठेवावयाच्या, वर्षाचा मंजूर पैसा कशावर खर्चावयाचा, या तीन बाबी समितीने ठरवाव्यात. प्रवेश नाकारण्याचा, शुल्क लावण्याचा आणि बांधकामाचा अधिकार मात्र तिला नसावा.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. खेड्यातील माणसाला डोंगर राखल्याने गवत आणि पाणी मिळते. शहरातील माणसाला बाग राखल्याने काय मिळते? लाभ विरळ आणि पसरलेला असेल तर कर्तेपण कोण पत्करील? आक्षेप सबळ आहे. सुमारे साडेतीन लाख लोकसंख्येच्या (२०११ ची जनगणना) शहरातील सर्व उद्याने ‘शहराने’ राखावीत असे म्हणणे म्हणजे कोणीच न राखणे. म्हणूनच घटक लहान हवा. एका उद्यानाच्या हाकेच्या अंतरावर राहणारी माणसे हा तो घटक. २००९ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रातील नागरी कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद झाली. परंतु खेड्यात ग्रामसभेला जे स्थान आहे ते शहरात क्षेत्रसभेला अद्याप मिळालेले नाही. शहरी नागरिकाच्या मराठीत ‘आम्ही ठरविले’ हे वाक्य दुर्मिळ आहे, याचे एक कारण ते वाक्य जेथे उच्चारावयाचे ती बैठकच होत नाही, हे आहे.

दुसरा आक्षेप असा की, लोकांकडे राखण देणे म्हणजे पालिकेने आपले अंग काढून घेणे. हा धोका खरा आहे. श्रमदानाने माळ्याचे काम होत नाही. छाटणी केव्हा करावी, कीड कशी ओळखावी, उन्हाळ्यात पाळी किती दिवसांनी द्यावी, हे कसब आहे आणि कसबाला वेतन हवे. मुळा धरणावरून येणाऱ्या पिण्याच्या पाण्यावर बागा जगविणे या जिल्ह्यात फार काळ परवडणारे नाही; सांडपाणी शुद्ध करून ते उद्यानांना देण्याची सोय कोणतीही समिती स्वतः उभारू शकणार नाही. ती पालिकेनेच उभारली पाहिजे. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. कमी पाण्यावर जगणाऱ्या झाडांविषयीचे ज्ञान या जिल्ह्यात उपलब्ध नाही असे नाही. पालिकेने पाणी, माळी आणि पैसा द्यावा; समितीने ठरवावे, पाहावे आणि जाब विचारावा. या वाटणीत दोघेही आपापल्या क्रियापदाचे कर्ते राहतात. आजच्या रूढ अर्थाच्या ‘लोकसहभागा’त याच्या नेमके उलट घडते. श्रम आणि पैसा लोकांनी द्यावयाचा आणि ठरवावयाचे पालिकेने.

७

शब्द बदलल्याने झाडे वाढतात असा दावा येथे केलेला नाही. फलकावरील कर्मणी प्रयोग कर्तरी केल्याने कोणी फूल तोडावयाचे थांबणार नाही. भाषा ही येथे रोगाचे कारण नसून रोगाचे लक्षण आहे, असे कोणी म्हटले तर ते बव्हंशी मान्य करता येईल. परंतु लक्षण अचूक ओळखता येणे हेही थोडे नव्हे. यापुढे एखाद्या उद्यानाविषयीचा ठराव, करार किंवा योजनापत्रक हाती आले, तर त्यातील प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढावी आणि त्याचा कर्ता शोधावा, अशी विनंती आपल्या विद्यार्थ्यांना करावीशी वाटते. शहरांच्या कारभाराचे मराठी हे पदव्युत्तर अभ्यासाचे क्षेत्र म्हणून आजवर उपेक्षित राहिले आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांची जुनी ठरावपुस्तके ही त्यासाठी उत्तम सामग्री आहे. शहरातील जुनी ‘सिद्धीबाग’ आणि नव्या वसाहतीतील ‘महालक्ष्मी उद्यान’ या नावांतच बाग ते उद्यान हा प्रवास दिसतो. त्या प्रवासात राखण करणारा कोठे सुटला, याचा शोध अशा ठरावपुस्तकांतून घेता येईल.

ज्या उद्यानाच्या कागदपत्रात ‘राखणे’ या क्रियापदाला स्पष्ट कर्ता सापडेल, ते उद्यान दहा वर्षांनी जाऊन पाहावे. आणि ज्याच्या कागदपत्रात तो सापडणार नाही, तेही पाहावे. या लेखातील प्रतिपादन खरे की खोटे, याचा निर्णय त्या दोन भेटींत होईल.